टाळ्या पुरे, मैदान द्या

ती गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलेलीच असणार. मला ती आतापर्यंत निदान सात वेळा आली आहे. आधी ईमेलमधून यायची, रंगीत अक्षरं आणि गुलाबाच्या फुलांसकट. मग ऑर्कुटवर आली. आता फॅमिली ग्रुपवर दर डिसेंबरात येते. हैदराबादच्या (कधी सिएटलच्या) मैदानावर नऊ (कधी आठ) 'विशेष' मुलं शंभर मीटरच्या शर्यतीला उभी असतात. पिस्तुलाचा बार होतो, सगळी पळत सुटतात. एक अडखळून पडतं, रडायला लागतं. बाकीची सगळी थांबतात, मागे फिरतात, त्याला उठवतात आणि हातात हात घालून एकत्र शेवटची रेषा ओलांडतात. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मग तात्पर्य: 'खरे मतिमंद कोण, ते की आपण?' आणि त्याखाली, दहा जणांना पाठवा.

गोष्ट छानच आहे. फक्त ती तशी घडलेली नाही.

मूळ प्रसंग १९७६ सालचा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन नावाचं शहर आहे, तिथल्या स्पेशल ऑलिंपिक्सच्या स्पर्धेतला. एक धावपटू पडला, हे खरं. एकदोघं मागे फिरली आणि त्याच्याबरोबर रेषेपर्यंत गेली, हेही खरं. आणि बाकीचे? बाकीचे पळत राहिले. शर्यत होती ना! ते पळायलाच आले होते, आणि त्यांना जिंकायचं होतं.

मला स्वतःला ही खरी गोष्ट त्या खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त आवडते. कारण तिच्यात माणसं आहेत. कुणी मदतीला थांबणारं, कुणी पुढे निघून जाणारं. आपल्या शाळेच्या गॅदरिंगच्या शर्यतीत असायची तशीच. खोट्या गोष्टीत मात्र देवदूत आहेत. आणि देवदूतांचं एक बरं असतं बघा, त्यांना काही द्यावं लागत नाही. त्यांना बूट लागत नाहीत, प्रशिक्षक लागत नाही, संध्याकाळी पाच ते सहा मोकळं मैदान लागत नाही. त्यांच्यासाठी आपण डोळे पुसले आणि मेसेज पुढे पाठवला की झालं.

आजचं हे सगळं लिखाण या एका मुद्द्यावर आहे. बौद्धिक दिव्यांग माणसांना आपण वर्षातून एकदा टाळ्या देतो. त्यांना हवा असतो तो दर आठवड्याचा, नेमाचा, शिट्टी-फक्की-घामाचा खेळ. पहिलं देऊन आपण दुसऱ्यातून सुटका करून घेतो, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

आधी थोडं शब्दांबद्दल, नाहीतर नागपूरच्या काकूंचा फोन येईल. पूर्वी 'मतिमंद' म्हणायचे, १९९५ च्या कायद्यातही त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो गेला आणि 'बौद्धिक दिव्यांगत्व' आलं. मी तो शब्द वापरतोय. 'विशेष मुलं' मात्र मी वापरणार नाही. पस्तिशीतल्या, मिशा असलेल्या, पोट सुटत चाललेल्या माणसाला 'मूल' म्हणणं मला जमत नाही.

तो पस्तिशीतला माणूस म्हणजे माझा मामेभाऊ. घरचे ओळखतीलच. इथे त्याचं नाव लिहू का, असं मी त्याला विचारलं. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "नाव नको. नंबर लिही." त्याच्या शर्टावर अकरा नंबर आहे. तेव्हा इथे तो अकरा नंबर. तो एका कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो, शंभर मीटर पळतो आणि फुटबॉल खेळतो. फुटबॉलमध्ये तो बऱ्यापैकी आहे, पण पास देत नाही.

आता तीन डिसेंबरकडे वळू. हा जागतिक दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये सुरू केला आणि आपण तो आपल्या पद्धतीने पाळतो. मी असे बरेच कार्यक्रम पाहिले आहेत, सगळ्यांचा साचा एक. साडेनऊची वेळ, प्रमुख पाहुणे सव्वाअकराला. तोवर खेळाडू उन्हात रांगेत. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, 'ही देवाची लेकरं आहेत' हे वाक्य असलेलं भाषण (ते वाक्य हमखास असतं). मग लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि पन्नास मीटर पळणं. वेळ कोण लावतंय? कुणीच नाही. पहिला कोण आला? 'सगळेच पहिले!' असं माइकवरून जाहीर होतं, सगळ्यांना सारखं पदक, सारखं फूड पॅकेट, सारखा फोटो. दीड वाजता मैदान रिकामं. पुढचा कार्यक्रम पुढच्या तीन डिसेंबरला.

यात वाईट काय, असं कुणी विचारेल. एक दिवस आनंदात गेला की नाही? गेला. पण शाळेतल्या आपल्या मुलाला वर्षातून एकच दिवस पळायला लावलं, तेही सराव न देता, वेळ न लावता, आणि वर सांगितलं की तू पहिला, तोही पहिला, सगळेच पहिले, तर आपण त्याला क्रीडा म्हणू का? पीटीच्या सरांना भेटायला जाऊ आपण! मग इथे तेच कौतुकाचं कसं होतं? कारण मनातून आपण धरून चाललेलो असतो की यांना कळत नाही.

कळतं हो, व्यवस्थित कळतं. काही वर्षांपूर्वी अकरा नंबर एका स्पर्धेत थोडक्यात चौथा आला. तिथे सगळ्यांना सारखं पदक नव्हतं. पहिल्या तिघांना पदकं, चौथ्यापासून पुढे फिती. याला फीत मिळाली. मामी म्हणाली, "अरे वा, किती छान रंग आहे!" त्याने फीत घडी करून खिशात टाकली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बूट घालून दारात उभा. "ग्राउंडवर." एवढंच म्हणाला. आजवर मिळालेल्या सगळ्या सारख्या पदकांनी त्याला एकदाही असं दारात उभं केलेलं नव्हतं.

हरता येणं हा मान आहे. ज्याला आपण हरू देत नाही त्याला आपण खेळात घेतलेलंच नसतं. लहानपणी 'लिंबूटिंबू' असायचा ना, ज्याच्यावर राज्य येत नाही आणि जो बाद होत नाही? आपण या माणसांना जन्मभर लिंबूटिंबू करून ठेवलं आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. क्षमता इतक्या वेगवेगळ्या असताना खरी स्पर्धा घेणार कशी? एक जण शंभर मीटर सोळा सेकंदांत पळतो, दुसऱ्याला अठ्ठावीस लागतात. दुसऱ्याने रोज हरायचं का?

याचं उत्तर कधीच शोधलं गेलेलं आहे, आणि ते अतिशय सुंदर आहे. स्पेशल ऑलिंपिक्समध्ये याला डिव्हिजनिंग म्हणतात. आधी प्राथमिक फेरी होते, प्रत्येकाची वेळ किंवा अंतर मोजलं जातं. मग वय, लिंग आणि क्षमता पाहून तीन ते आठ जणांचे गट पाडतात. एका गटातल्या सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात कमी कामगिरीत साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, असा प्रयत्न असतो. म्हणजे चोवीस सेकंदवाला सत्तावीस सेकंदवाल्याशी पळतो, सोळावाल्याशी नाही. शेवटच्या क्षणापर्यंत कोण जिंकेल सांगता येत नाही. आणि यात लबाडीही धरलेली आहे! प्राथमिक फेरीत मुद्दाम रेंगाळायचं, सोप्या गटात जायचं आणि अंतिम फेरीत सुसाट सुटायचं, असं कुणी केलं तर त्याला बाद करता येतं. मला हा नियम फार आवडतो. समोरचा माणूस लबाडी करू शकतो, हे तो गृहीत धरतो. देवदूतांसाठी असा नियम कुणी केला असता का?

ही सगळी कल्पना कुठून आली, तेही थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्याला शिकण्यासारखं आहे. युनिस केनेडी श्रायव्हर या अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या बहीण. त्यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. १९४१ मध्ये, तेविसाव्या वर्षी, वडिलांच्या संमतीने तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, ती फसली, आणि रोझमेरीचं पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य संस्थेत गेलं. १९६२ मध्ये युनिस यांनी दोन गोष्टी केल्या. रोझमेरीबद्दल एका मोठ्या साप्ताहिकात उघडपणे लिहिलं, आणि मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या अंगणात बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं. पोहणं, चेंडू, घोड्यावर बसणं. जोडीला शेजारपाजारची कॉलेजवयीन मुलं. म्हणजे सुरुवात अंगणातल्या रोजच्या खेळातून झाली. स्टेडियम, मशाल, संचलन हे सगळं नंतर.

स्टेडियम आलं २० जुलै १९६८ ला, शिकागोत. पहिले स्पेशल ऑलिंपिक खेळ, अमेरिका आणि कॅनडातले सुमारे हजार खेळाडू. आणि हे घडवून आणण्यात मोठा वाटा होता शिकागो शहराच्या उद्यान-मंडळातल्या एका तरुण शारीरिक शिक्षण शिक्षिकेचा. ॲन मॅक्ग्लोन त्यांचं नाव, लग्नानंतर ॲन बर्क. पुढे त्या इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीश झाल्या. उद्यान-मंडळ, मंडळी! शहरातल्या बागा आणि मैदानं सांभाळणारं खातं. आपल्याकडे महापालिकेच्या उद्यान विभागात जाऊन हा विषय काढून बघा, 'समाजकल्याणला जा' म्हणून सांगतील. खेळ हा खेळाच्या खात्याचा विषय आहे, कल्याणाचा नाही, हे त्यांना १९६८ मध्ये कळलं होतं.

स्पेशल ऑलिंपिक्समध्ये सगळं आदर्श आहे असं नाही. एकेकाळी तिथे शेवटच्या रेषेवर येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारायला स्वयंसेवक उभे असायचे, आणि त्यावर तिकडच्याच लोकांनी टीका केली. आपल्याकडे त्याचा वेगळाच घोळ होतो. २०१९ च्या अबूधाबीच्या खेळांत भारताला ३६८ पदकं मिळाली. २०२३ मध्ये बर्लिनला २०२: ७६ सुवर्ण, ७५ रौप्य, ५१ कांस्य. लगेच बातम्या, 'भारताची पदकांची लयलूट', आणि ग्रुपवर कुणीतरी विचारतं की नेहमीच्या ऑलिंपिकमध्ये आपल्याला इतकी का मिळत नाहीत. अहो, प्रत्येक गटाला स्वतंत्र पदकं असतात, म्हणून आकडा मोठा. ३६८ वरून २०२ ही घसरणही नाही, संघ किती मोठा यावर ते अवलंबून. ते खेळाडू कौतुकाला पात्र आहेतच. पण विचारायचं असेल तर हे विचारा की बर्लिनहून परत आल्यावर पुढच्या सोमवारी त्यांना सरावाला कुठलं मैदान मिळालं?

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. २००० साली सिडनीच्या पॅरालिंपिकमध्ये बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉलचं सुवर्णपदक स्पेनने जिंकलं. काही आठवड्यांतच त्या संघातल्या एका पत्रकाराने उघड केलं की बारापैकी दहा खेळाडूंना कसलंच बौद्धिक दिव्यांगत्व नव्हतं. पदक काढून घेतलं, ते योग्यच. पण त्यापुढे काय झालं? बौद्धिक दिव्यांगांचा गटच पॅरालिंपिकमधून बंद केला. तो परत सुरू झाला २०१२ मध्ये लंडनला, तोही ॲथलेटिक्स, पोहणं आणि टेबल टेनिस या तीनच खेळांत. धडधाकट माणसांनी चोरी केली, शिक्षा भोगली ज्यांच्या नावाने चोरी झाली त्यांनी. बारा वर्षं! धावपटूची अख्खी कारकीर्द बारा वर्षांत संपते. दुसऱ्या कुठल्या खेळात उत्तेजक द्रव्य घेऊन कुणी पकडलं गेलं म्हणून तो गटच एक तप बंद केल्याचं ऐकलंय का कधी?

आणि हा गट परत आला नसता तर आपल्याला दीप्ती जीवनजी दिसली नसती. तेलंगणातल्या वरंगळ जिल्ह्यातली, मजुरी करणाऱ्या आईवडिलांची मुलगी. गावातल्या लोकांनी त्यांना काय काय टोमणे मारले ते वर्तमानपत्रांत छापून आलं आहे, मी इथे उगाळत नाही. मे २०२४ मध्ये जपानमधल्या कोबे इथे तिने ४०० मीटर ५५.०७ सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिसला ५५.८२ सेकंदांत कांस्य. पॅरालिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बौद्धिक दिव्यांग खेळाडू. तिला नागपुरी रमेश यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले, ट्रॅक मिळाला, घड्याळ लावून रोजचा सराव मिळाला. 'देवाचं लेकरू' म्हणून कुणी तिला फक्त फूड पॅकेट दिलं असतं तर?

प्रत्येक जण दीप्ती होणार नाही, हे मलाही कळतं. अकरा नंबर तर नक्कीच होणार नाही (त्याला हे मान्य नाही). पण गल्लीतली क्रिकेट खेळणारी सगळी पोरं तरी कुठे वानखेडेवर जातात? तरी त्यांना संध्याकाळी खेळायला जागा लागते, हे आपण मान्य करतोच ना.

खरी अडचण अठराव्या वर्षी सुरू होते. कायद्याने सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शाळा असते, तिथे खेळाचे शिक्षक असतात, स्पर्धांची नावं शाळा पाठवते. अठरा पूर्ण झाली की शाळा सुटते आणि तिच्याबरोबर मैदानही सुटतं. मग नशीब असेल तर कार्यशाळा, नाहीतर घर, टीव्ही आणि खिडकी. वजन वाढतं. मित्र तुटतात, कारण मित्र शाळेतले होते आणि एकट्याने बसने जाता येत नाही. आईवडील साठीत पोचलेले. स्पेशल ऑलिंपिक्समध्ये वयाची वरची मर्यादाच नाही, आठ वर्षांपुढचा कुणीही खेळू शकतो. मर्यादा घातली आहे ती आपल्या शहरांनी.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख बौद्धिक दिव्यांग नोंदले गेले. त्यात शाळेच्या वयाच्या पलीकडचे किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. माणूस शाळेत दहा-बारा वर्षं असतो आणि त्यानंतर पन्नास वर्षं जगतो.

मग कायदा काही म्हणतच नाही का? म्हणतो की. २०१६ च्या कायद्याचं कलम ३० पूर्ण खेळावरच आहे. दिव्यांगांचा खेळात प्रत्यक्ष सहभाग होईल अशी पावलं सरकारने उचलायची, क्रीडा प्राधिकरणांनी त्यांचा खेळण्याचा हक्क मानायचा आणि आपल्या योजनांत त्यांना सामावून घ्यायचं. 'हक्क' असा शब्द आहे तिथे. पैशाचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा, असे शासनाचेच आदेश आहेत. त्या निधीतून संध्याकाळचं एक मैदान, दोन प्रशिक्षक आणि एक छोटी गाडी का निघू नये? तुमच्या प्रभागात हा निधी कशावर खर्च झाला, हे माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारता येतं. आधी ते दहा रुपये खर्च करू, मग मेणबत्त्यांवर करू.

सरकारला झोडपणं सोपं असतं, म्हणून आता आपल्याकडे येतो. आम्ही एका जिमखान्यात अकरा नंबर आणि त्याच्या चार मित्रांसाठी आठवड्यातून दोनदा, दुपारी चार ते पाच, म्हणजे कुणीही नसताना, फुटबॉलचं मैदान मागायला गेलो होतो. पैसे भरायला तयार होतो. फार गोड बोलले. चहा दिला. सभासदांची मुलं घाबरतील, कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची, त्यापेक्षा तुम्ही त्यांचा एक 'कार्यक्रम' का करत नाही, हॉल मोफत देतो, बिस्किटं आमच्याकडून. पाच माणसं पैसे देऊन खेळायला मागत होती, त्यांना बिस्किटं मिळाली. (शेवटी मैदान मिळालं ते शेजारच्या एका महापालिकेच्या शाळेचं, शिपाईमामांच्या कृपेने.)

या आक्षेपांना एकेक करून उत्तर देतो.

लागेल ही भीती. खेळात लागतं. पण काही खबरदारी खरोखर घ्यायची असते आणि ती माहीत हवी. डाउन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोलांटउडी, सूर मारणं, डोक्याने चेंडू मारणं नको. त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, त्याचीही तपासणी आधी. फिट्स येत असतील तर पाण्यात एकास एक माणूस हवा. बस्स. हे सगळं एका कागदावर मावतं, आणि असा कागद खरं तर प्रत्येकच खेळाडूचा असायला हवा.

आपली मुलं घाबरतील. घाबरतील, पहिले पंधरा मिनिटं. भीती न पाहिलेल्याची असते. याच कारणासाठी स्पेशल ऑलिंपिक्सने १९८० च्या दशकाच्या शेवटी युनिफाइड स्पोर्ट्स काढले. एकाच संघात साधारण निम्मे बौद्धिक दिव्यांग खेळाडू आणि निम्मे बाकीचे. बाकीच्यांनी सगळा खेळ स्वतःच खेळू नये असाही नियम आहे. आमच्याकडे शाळेच्या आवारातली सातवी-आठवीची पोरं दुसऱ्या आठवड्यात आपणहून आली. चौथ्या आठवड्यात एक जण अकरा नंबरवर ओरडला, "अरे पास दे ना! आंधळा आहेस का?" मामी दचकली. मला मात्र फार बरं वाटलं. मैदानावर पहिल्यांदाच कुणी त्याच्यावर बरोबरीच्या नात्याने चिडलं होतं.

आम्हाला शिकवता येत नाही. येतं. एका वेळी एकच सूचना द्यायची. सांगण्यापेक्षा करून दाखवायचं. उत्तराला वेळ द्यायचा, मनात दहा आकडे मोजून मगच पुन्हा सांगायचं. 'वीस मीटर पळ' म्हणू नका, 'त्या लाल बादलीपर्यंत पळ' म्हणा. बरेच जण शेवटच्या रेषेवर येऊन गपकन थांबतात, कारण आपणच 'रेषेपर्यंत' सांगितलेलं असतं. मग पाच मीटर पुढे दुसरी बादली ठेवायची. शिट्टीने कुणी दचकत असेल तर हात किंवा झेंडा. आणि वार, वेळ, क्रम रोज तोच. याला पदवी लागत नाही, सातत्य लागतं. आणि नेमकं तेच आपल्याकडे नसतं, म्हणून आपण कार्यक्रम करतो.

फुटबॉल जमत नसेल त्यांच्यासाठी बोची आहे. एक लहान चेंडू पुढे टाकायचा आणि आपले मोठे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. ज्याने लहानपणी गोट्या खेळल्या त्याला हा खेळ दोन मिनिटांत कळतो. चाकांच्या खुर्चीतूनही खेळता येतो, साठीतल्या आईलाही खेळता येतो.

जून २०२५ मध्ये 'सितारे जमीन पर' आला. दहा बौद्धिक दिव्यांग कलाकार, बास्केटबॉलचा संघ. मूळ सिनेमा २०१८ चा, स्पेनमधला. हो, त्याच स्पेनमधला! आम्ही अकरा नंबरला घेऊन गेलो. आजूबाजूला सगळे डोळे पुसत होते, हा मात्र खेळाच्या प्रसंगांत चुका काढत होता. बाहेर पडल्यावर एका सद्गृहस्थांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "किती निरागस असतात ना!" मी त्यांना विचारलं, तुमच्या सोसायटीत बास्केटबॉलचं कोर्ट आहे का? होतं. मग मंगळवारी येऊ का आम्ही पाच जण? ते हसले. म्हणाले कमिटीला विचारावं लागेल. नंबर दिला नाही.

तर मंडळी, वाद घालायचा असेल तर जरूर घाला, प्रतिक्रिया मोकळ्या आहेत. फक्त 'छान लिहिलंय, डोळ्यांत पाणी आलं' असं लिहू नका. तुमच्या घराजवळ कुठलं मैदान दुपारी चार ते पाच रिकामं असतं ते लिहा, आणि किल्ली कुणाकडे असते तेही.

आणि नातेवाईकांसाठी खास. मेमध्ये लग्नाला सगळे भेटणारच आहोत. अकरा नंबरच्या गालाला हात लावून 'कसं आहे आमचं बाळ' असं विचारायचं नाही. सराव कसा चाललाय ते विचारा. पास का देत नाहीस, तेही विचारा. उत्तर तयार आहे त्याच्याकडे. तो म्हणतो, "दिला तर परत कुठे मिळतो?"